शक्तिमान कोणी करावा? ज्याला गंगाधर जमेल त्यानं

तुम्ही विचारलंय, शक्तिमानवर सिनेमा निघाला तर मुख्य भूमिकेत कोण हवा आणि रणवीर सिंगच्या नावाला एवढा विरोध का. माझ्याकडून नाव घ्या: राजकुमार राव. अर्धेजण नाक मुरडतील, म्हणून कारण नीट सांगतो.

आम्ही इंदूरचे, राजेंद्रनगरचे. 1999 साली कॉलनीच्या गणपतीत मुलांचं नाटक मी बसवत होतो. दूरदर्शनवर शक्तिमान ऐन भरात होता, त्यामुळे पोरांना दुसरं काही करायचंच नव्हतं. पात्रं वाटताना मी सगळ्यात उंच, भरदार मुलाला शक्तिमान दिला आणि एका किडकिडीत मुलाला गंगाधर, म्हणजे शक्तिमानचं ओळख लपवणारं साधंसुधं रूप. मरून टी-शर्टवर मिठाईच्या डब्यातला सोनेरी कागद चिकटवून छातीवरचं चक्र केलं. गंगाधरचे पुढे आलेले दात प्रसादाच्या खोबऱ्यातून कापले. तालीम संपली की पोरगा ते खाऊन टाकायचा, म्हणून रोज नवे दात. गंगाधर गिरकी घेत चादरीमागे जाई आणि दुसऱ्या बाजूनं शक्तिमान गिरकी घेत बाहेर येई. प्रयोगाच्या दिवशी पुढच्या सतरंजीवरून एक चिमुरडी ओरडली, "हा तर दुसराच आहे!" मग सगळी चिल्लीपिल्ली तेच ओरडायला लागली. उंच मुलगा रडवेला झाला. त्याचा काही दोष नव्हता, चूक माझी होती.

त्या मुलीला जे कळलं ते पोस्टरवरून वाद घालणाऱ्या मोठ्या माणसांना कळत नाही. 'आज की आवाज'च्या कचेरीत सगळे ज्याला हसतात तो चष्मेवाला फोटोग्राफर आणि आकाशातून उतरणारा तो, हा एकच माणूस आहे आणि ते आपल्याला माहीत आहे. रविवारी दुपारी जेवणाचं ताट तसंच ठेवून आम्ही टीव्हीसमोर बसायचो ते या गुपितासाठी. मुकेश खन्ना एरवी भीष्माच्या खर्जात बोलणारे, आणि गंगाधर होताना तो सगळा भारदस्तपणा उतरवून ठेवायचे. पोशाख शिंपी शिवतो, उडणं हल्ली कॉम्प्युटरवर होतं. हे उतरवून ठेवणं मात्र नटालाच करावं लागतं.

1978 च्या 'सुपरमॅन'मधला एक प्रसंग मी कितीदा पाहिलाय. त्याची आवडती लोईस आतल्या खोलीत आहे, क्लार्क, म्हणजे चष्मा लावून साधा माणूस म्हणून वावरणारा सुपरमॅन, बाहेर एकटा उभा. खरं काय ते सांगून टाकावं असं त्याला वाटतं. क्रिस्टोफर रीव्ह चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आवाज खाली येतो आणि डोळ्यांदेखत माणूस बदलतो. मग धीर होत नाही, चष्मा परत चढतो, खांदे पडतात. कसलीही जादू नाही, फक्त पाठीचा कणा. 1989 च्या 'बॅटमॅन'साठी मायकल कीटनचं नाव जाहीर झालं तेव्हा निषेधाची सुमारे 50,000 पत्रं गेली असं सांगतात. विनोदी कामं करणारा, बेताच्या अंगकाठीचा नट म्हणून लोक चिडले होते. आज त्याच कीटनवर लोक जीव टाकतात.

आता रणवीर. 2022 मध्ये सिनेमाची घोषणा झाली, पुढे त्याचं नाव चर्चेत आलं आणि 2024 मध्ये खुद्द मुकेश खन्नांनी त्याला जाहीर विरोध केला. रणवीर कसलेला नट आहे, त्याच्या शक्तिमानची मला काळजी नाही. पण तो खोलीत आला की सगळ्यांच्या माना वळतात, आणि गंगाधर आला की कुणाचंही लक्ष जाता कामा नये. राजकुमार रावला हे येतं. 'बरेली की बर्फी' (2017) पाहा: साड्यांच्या दुकानातला भित्रा सेल्समन, त्याला जबरदस्तीनं मवाली व्हायला लावतात, आणि एकाच प्रसंगात तो या टोकापासून त्या टोकाला जाऊन परत येतो.

"पण बॉडी?" हे विचारणार, माहीत आहे. आमच्या घरात भाच्यानंही हेच विचारलं. अहो, रीव्हसुद्धा आधी सडपातळच होता, डेव्हिड प्राऊज या व्यायामपटूनं त्याच्याकडून व्यायाम करून घेऊन त्याला भरला. कॉमिक्समधला 'एक्स-मेन'चा सुपरहिरो वुल्व्हरिन जेमतेम सव्वापाच फुटांचा, सिनेमात तो करणारा ह्यू जॅकमन सहा फुटांच्या वर. तरी आज वुल्व्हरिन म्हटलं की जॅकमनच डोळ्यांसमोर येतो.

2000 च्या गणपतीत मी दोन्ही कामं त्या किडकिडीत मुलालाच दिली. चादर काढूनच टाकली. मरून टी-शर्ट त्याच्या खांद्यांवरून ओघळत होता. त्यानं सगळ्यांसमोर खोबऱ्याचे दात काढले, खिशात टाकले, एक गिरकी घेतली आणि छाती काढून उभा राहिला. सतरंजीवरून कुणी काही ओरडलं नाही.