फॅट बर्नरचा डबा उघडण्याआधी

भावा, फॅट बर्नर म्हणजे चरबी घटवायच्या गोळ्या; त्यांचा डबा आधी उलटा करून मागची बारीक अक्षरं वाच. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' (कंपनीचं गुप्त मिश्रण) लिहून एकच आकडा दिला असेल, तर कॅफिन किती, सिनेफ्रिन (कडू संत्र्यातलं उत्तेजक) किती, काही कळत नाही. दोन्ही मिळून ठोके आणि बीपी वाढवू शकतात. दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफिन म्हणजे धडधाकट माणसाची हद्द, वर तुझा टपरीवरचा चहा वेगळाच! सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या औषधावर आपल्याकडे 2011 मध्ये बंदी आली, तरी 'हर्बल' गोळ्यांत ते चोरून मिसळलेलं सापडतं. मीही एकदा सोलापूरच्या मे महिन्यात दोन गोळ्या गिळून ट्रेडमिलवर चढलो. हात थरथरले, छातीत धडधड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बीपीची गोळी चालू असेल तर विषयच सोड बे. छातीत दुखलं, गरगरलं तर डबा सोबत घेऊनच डॉक्टरकडे पळ.