वाचकांचे प्रश्न : आवाज गेला, दाखला मिळेना

प्रश्न : आम्ही हर्णैचे. माझे मालक बोटीवर तांडेल होते. घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढलं; आता मुलीच्या पाटीवर लिहून बोलतात. दिव्यांगाचा दाखला मागितला, तर 'कॅन्सर दिव्यांगात बसत नाही' म्हणून आम्हाला परत पाठवलं. आणखी किती थांबायचं?

उत्तर : ताई, मुळीच थांबू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत कॅन्सर नाही, हे खरं. पण स्वरयंत्र काढल्याने कायमची गेलेली वाचा त्यात स्पष्ट लिहिली आहे! तेव्हा अर्ज आजाराच्या नावाने नको, वाचेच्या दिव्यांगत्वाचा करा आणि ऑपरेशनचे कागद जोडा. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. दाखला नाकारला, तर कारण लेखी मागा. अपिलाची सोय कायद्यातच आहे.

तोवर घर कशावर चालायचं? निराधारांना दरमहा सरकारी मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सर वेगळा धरलेला आहे, त्यासाठी या दाखल्याची वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयाचा आजाराचा दाखला, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला घेऊन दापोली तहसीलला अर्ज द्या. उत्पन्नाची अट आहे, तीही तिथेच विचारा. शिक्का आणि तारीख असलेली पोच हातात पडल्याशिवाय मात्र खिडकी सोडू नका. पोच नसली की आजारी माणसाचे महिने कुणीच मोजत नाही, याचा मला फार राग येतो.