'टर्नपाइक'मध्ये वळण कुठलं?

इंग्लंडमधल्या जुन्या 'टर्नपाइक माइलस्टोन'चं भाषांतर 'वळणरस्त्यावरचा मैलाचा दगड' असं केलं तर चालेल का, असा प्रश्न आहे.

नाही चालणार. तो रस्ता सरळसोटही असेल. 'पाइक' म्हणजे भाला. (आपल्या 'पाईक'शी याचा संबंध नाही, तो पायी चालणारा शिपाई.) घोडेस्वारांना अडवण्यासाठी वाटेत आडवा लावलेला, भाले बसवलेला, फिरवता येणारा अडसर म्हणजे टर्नपाइक. 'टर्न' आहे तो या अडसराचा. पुढे रस्त्याच्या डागडुजीसाठी वाटसरूंकडूनच पैसे घ्यायची पद्धत आली; पहिला कायदा १६६३चा, हर्टफर्डशरमधल्या वेड्समिलचा नाका त्यातलाच. भाले गेले, साधं फाटक आलं, नाव मात्र तेच राहिलं आणि फाटकावरून रस्त्यालाही पडलं.

आपल्या 'नाक्या'चंही असंच झालं. मुंबईची जकात २०१७मध्ये गेली, पण चेकनाका म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेतो. लंडनला टर्नपाइक लेन नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे, तिथे आता फाटक शोधू नये.

'मैलाचा दगड' मात्र बिनधास्त वापरा. सिनेमापासून सत्कारापर्यंत जिथेतिथे वापरून आपण तो पार झिजवलाय, म्हणून तो खोटा वाटतो इतकंच. इथे तो खराखुरा दगड आहे. १७६७पासून टर्नपाइकवर असे दगड लावणं सक्तीचं झालं. भाड्याच्या घोड्यांचे पैसे मैलावर ठरत, तेव्हा दगड नसेल तर वाद ठरलेलाच! मुंबईतही सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मैल मोजून एकोणिसाव्या शतकात दगड बसवले होते, त्यातले काही अजून फुटपाथवर दिसतात.

'मैल' परका म्हणून 'कोसाचा दगड' सुचवणारे भेटतील. पण कोस म्हणजे ढोबळमानाने दोन मैल, हिशेबच चुकेल. शिवाय 'मैल' लॅटिनमधल्या 'हजार' या अर्थाच्या शब्दातून, म्हणजे हजार दुहेरी पावलांच्या मापातून, इंग्रजीत गेला आणि तिथून आपल्याकडे येऊन चांगला मुरला. बांधकाम खात्यातल्या 'मैलकुली'ला कुणी परका म्हणत नाही.

तेव्हा 'टोलरस्त्यावरचा मैलाचा दगड' लिहा. 'पथकरमार्ग'ही चुकीचा नाही, पण तो सरकारी पाटीवरच शोभतो.