डी नदीवरचा वसंतातला सॅमन: आधी थर्मामीटर, मग फ्लाय

तुम्ही विचारलंय की एप्रिलच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या बँकरीजवळ डी नदीवर दोन दिवस घालवूनही सॅमन लागला नाही, डब्यातल्या सगळ्या फ्लाय (गळावर पिसं-केस बांधून केलेली नकली आमिषं) टाकून झाल्या, तर आता नवीन कुठली घ्यावी? माझ्या मते कुठलीच घेऊ नका. ते पैसे साध्या, पाण्यात बुडवायच्या थर्मामीटरवर खर्च करा.

सॅमन समुद्रातून नदीत शिरला की खाणं बंद करतो. वसंतात डीमध्ये येणारा मासा अंडी घालणार शरद सरता सरता, साधारण नोव्हेंबरमध्ये. तोवरचे सगळे महिने तो अंगातल्या चरबीवर काढतो. त्यामुळे ‘आज त्याला काय आवडेल’ या विचारात फार अडकू नका. तो फ्लाय का धरतो, चिडून की जुन्या सवयीने, यावर इथे पबमध्ये रात्र रात्र वाद चालतात. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत: फ्लाय किती खोलीवरून जाते आणि किती वेगाने जाते. आणि या दोन्ही पाण्याच्या तापमानावर ठरतात. थंड पाण्यात मासा तळाशी बसून राहतो, फ्लायसाठी हातभर वर यायचीही त्याची तयारी नसते.

माझा ठोकताळा असा. पाणी 5-6 अंशांच्या खाली असेल तर बुडणारी लाइन (फ्लाय वाहून नेणारी जाड दोरी) आणि दीड-दोन इंचांची जड ट्यूब फ्लाय, म्हणजे नळीवर बांधलेली. विली गन नावाची फ्लाय पुरे. 6 ते 9 च्या दरम्यान सिंक टिप, म्हणजे फक्त टोक बुडणारी लाइन, आणि हलकी ट्यूब. 9-10 च्या वर गेलं की तरंगती लाइन आणि 8 किंवा 10 नंबरची छोटी फ्लाय. केर्नगॉर्मच्या डोंगरांवरचं बर्फ एप्रिलमध्येही वितळत असतं, त्यामुळे हवेवरून अंदाज बांधू नका. बाहेर छान ऊन पडलेलं असताना पाणी 4 अंशांवर असू शकतं. सकाळी मोजा, जेवणानंतर परत मोजा.

तुम्ही तरंगती लाइन वापरताय, हे तुमच्या फोटोत दिसलं. कारणही ओळखू येतं. बँकरीच्या वरच्या अंगाला केर्नटनला आर्थर वुड नावाच्या गळकऱ्याने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात, रेशमी लाइनला ग्रीस लावून पाण्यावर तरंगवत, याच नदीत 3,000 हून जास्त सॅमन काढले. त्यामुळे डी म्हटलं की सगळे तरंगती लाइन काढतात. पण ती पद्धत पाणी उबायला लागल्यावरची. मेमध्ये ती लावा, फार सुंदर चालते.

आता टाकण्याबद्दल. पलीकडच्या काठाकडे, पण प्रवाहाच्या दिशेने साधारण 45 अंशांत टाका. लाइन पडताक्षणी तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे मेंड करा. नाहीतर मधली धार तिला ओढते आणि फ्लाय माशासमोरून सुसाट निघून जाते. फ्लाय आपल्या काठाला लागली की लगेच उपसू नका, थोडी लटकू द्या. मग दोन पावलं खाली सरकून पुन्हा टाका. एकाच जागी उभं राहून फ्लाय बदलत बसण्यापेक्षा अख्खा डोह वरपासून खालपर्यंत विंचरून काढलेला बरा.

मासा धरतो तेव्हा झटका देऊ नका. कोकणात गरवलेल्या माणसाला हे फार जड जातं, कारण तिथे टोचलं की हात आपोआप वर जातो. सॅमन फ्लाय तोंडात घेऊन वळतो आणि परत खाली जातो. त्याला वळू द्या, रीलवरून लाइन जाऊ द्या. वजन नीट जाणवलं की मगच रॉड उचला. गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. घाईने ओढलात तर तोंडातून निसटून येतो.

या दिवसांत केल्टही लागतात, म्हणजे हिवाळ्यात अंडी घालून समुद्राकडे परत निघालेले मासे. तेही चांदीसारखे चमकतात, म्हणून नवखा माणूस फसतो. पोट बघा: केल्टचं आत गेलेलं असतं, डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसतं, शेपटीच्या कडा झिजलेल्या असतात, कल्ल्यांत बहुधा पांढुरके किडे चिकटलेले सापडतात. ताजा मासा खांद्यापासून भरलेला असतो. त्याच्या शेपटीजवळ लांब दोरे असलेल्या समुद्री उवा दिसल्या तर तो एखाद-दोन दिवसांपूर्वीच समुद्रातून आलाय.

दोन्ही सोडायचेच. 1 एप्रिलच्या आधी पकडलेला प्रत्येक सॅमन सोडणं स्कॉटलंडमध्ये 2015 पासून कायद्याने बंधनकारक आहे आणि डीवर तर वर्षभर सोडायचाच, असं नदीचं धोरण आहे. 2023 मध्ये ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन संकटग्रस्त ठरला, त्यामुळे मला हे अगदी योग्य वाटतं. काटा नसलेला गळ लावा, जाळी बिनगाठीची घ्या आणि मासा पाण्यातच ठेवा. फोटोसाठी काठावर आणू नका, ही माझी कळकळीची विनंती. तोंड वरून येणाऱ्या प्रवाहाकडे करून हलकेच धरा. शेपटीत जोर आला की तो स्वतःच हातातून निघून जातो.

वारा नदीच्या खालच्या दिशेने वाहत असेल तर डबल स्पे पद्धतीने लाइन टाका, वरच्या दिशेने असेल तर सिंगल स्पेने. उलटं केलंत तर गळ तुमच्याच चेहऱ्याकडे येतो. चष्मा आणि लाइफ जॅकेट हवंच. रविवारी सॅमनला सुट्टी असते, म्हणजे त्याची मासेमारी बंद, त्या दिवशी बुकिंग शोधू नका.

पुढच्या वेळी कुठला बीट (नदीचा ठरावीक पट्टा) घेताय आणि सकाळी पाणी किती अंशांवर होतं ते इथे लिहा, म्हणजे कुठली सिंक टिप लावायची ते नेमकं सांगता येईल.