एसीच्या जुन्या डक्टला गच्चीवरचा कूलर जोडता येईल का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: सांगलीत विश्रामबागेतल्या तुमच्या घराच्या वरच्या मजल्यावर पूर्वी दवाखाना होता, त्यासाठी पाच टनी एसीचे डक्ट, म्हणजे हवा नेणारे पत्र्याचे बोगदे, फॉल्स सीलिंगमधून फिरवलेत. एसी बंद पडलाय. आता तिथे राहायला जायचंय, जागा 1200 चौरस फूट आहे, तर गच्चीवर मोठा कूलर ठेवून त्याच डक्टमध्ये हवा सोडली तर चालेल का?

मी कुपवाडला पत्र्याच्या डक्टचीच कामं करतो. कूलर जरूर बसवा, पण आहे त्या डक्टला तसाच जोडू नका.

एसीची हवा खूप गार असते, म्हणून थोडी पुरते. टनाला 400 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) धरतात, म्हणजे तुमचे डक्ट 2000 सीएफएमच्या हिशोबाने बनवलेले असणार. कूलरची हवा तेवढी गार नसते, ती भरपूर लागते. तुमची जागा दहा फूट उंची धरून 12,000 घनफूट. आतली हवा तासाला 25 वेळा बदलायची म्हटलं तर 5000 सीएफएम लागतात, म्हणजे अडीचपट. त्याच डक्टमधून अडीचपट हवा न्यायची तर विरोध जवळजवळ सहापट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. कूलरच्या पंख्यात तेवढा जोर नसतो. मग ग्रिलमधून, म्हणजे डक्टची हवा खोलीत सोडणाऱ्या जाळीतून, शिट्टी ऐकू येते, हवा मात्र लागत नाही, आणि लोक कंपनीला नावं ठेवतात.

5000 सीएफएमला गच्चीवरून खाली येणारा डक्ट निदान 24 इंच बाय 24 इंच हवा. तुमचा मेन बहुतेक 12 बाय 24 च्या आसपास निघेल. फॉल्स सीलिंगची एक टाईल काढून मोजून बघा.

जुना डक्ट वापरायचाच असेल तर एक रस्ता आहे. फक्त दोन बेडरूम, म्हणजे साधारण 480 चौरस फूट घ्या. त्याला 2000 सीएफएमचा कूलर बसतो आणि तेवढी हवा हा डक्ट आरामात नेतो. बाकीच्या फांद्या पत्रा मारून बंद करायच्या. मात्र मेन डक्ट पुढे पुढे निमुळता होत जातो, म्हणून बेडरूम सुरुवातीच्या टोकाला असतील तरच हे करा. आणि डक्टला आतून काचलोकर लावली असेल तर ती आधी काढून टाका. कूलरची ओलसर हवा त्यात मुरते आणि एका हंगामात कुबट वास धरतो.

रिटर्नचा डक्ट कायमचा बंद करा. एसी खोलीतलीच हवा परत ओढून गार करतो. कूलरने असं केलं तर ओल वाढत जाते आणि तासाभरात अंग चिकचिकतं. कूलरला दर वेळी बाहेरची कोरडी हवाच हवी, आणि आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाटही हवी. इथे मी हट्टाने सांगतो, कारण सगळ्यात जास्त कामं इथेच फसलेली पाहतो: दर 1000 सीएफएमला एक ते दोन चौरस फूट खिडकी उघडी पाहिजे, तीही ग्रिलच्या समोरच्या बाजूला. तुमच्या पूर्ण मजल्याला पाच ते दहा चौरस फूट. दारं-खिडक्या लावून बसायची एसीची सवय मोडावी लागेल.

पुढे नवा एसी घ्यायचा विचार असेल तर एसी आणि कूलर यांच्या डक्टमध्ये घट्ट बसणारे डँपर, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपा, टाका. थंड देशांत घरोघरी हीटिंगचे डक्ट असतात, तिथेही कूलर जोडताना हेच करावं लागतं. नाहीतर ओली हवा हीटिंगच्या भट्टीत शिरून आतला पत्रा गंजतो, आणि हिवाळ्यात गरम हवा कूलरवाटे गच्चीवर निघून जाते. एसी आणि कूलर एकदम कधीच चालवू नका. कूलरने घातलेलं पाणी काढण्यातच एसीची वीज जाते.

आपल्याकडे कूलर चालतो का, तर मार्च ते मे उत्तम चालतो. ज्या कोरड्या हवेवर तासगावच्या शेडमध्ये बेदाणा वाळतो, तीच हवा कूलरला लागते. दुपारी 38 अंश आणि हवेत 25 टक्के ओलावा असेल तर चांगल्या हनीकोंब पॅडमधून (पाण्याने भिजणारी मधाच्या पोळ्यासारखी जाळी) 25 अंशांच्या आसपास हवा मिळते. वळवाचे ढग दाटले की फरक कमी होतो. जूननंतर 28 अंश आणि 85 टक्के ओलावा असताना दोन अंशसुद्धा उतरत नाहीत, तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा.

विजेचं म्हणाल तर 5000 सीएफएमला साधारण एक एचपीची मोटर पुरते. पाण्याचा विचार मात्र आधी करा. कडक दुपारी तेवढ्या हवेला तासाला 50 लिटर पाणी उडून जातं, आठ तासांना 400. टाकीत दुपारी तेवढं शिल्लक असतं का, बघा. बोअरचं पाणी जड असेल तर पॅडवर पांढरे क्षार बसतात, भोकं बुजतात आणि हवा निम्मी होते. म्हणून टाकीतून थोडं पाणी सतत वाहून जाऊ द्यायचं. ते झाडांना सोडू नका, त्यात क्षार गोळा झालेले असतात. हंगाम संपला की टाकी रिकामी करून पुसून ठेवा, साचलेलं पाणी घरात फुंकायला नको.

कूलरचं तोंड स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपासून आणि संडासाच्या व्हेंट पाइपपासून लांब ठेवा. कूलर आणि डक्ट यांच्यामध्ये कॅनव्हासचा जोड घ्या, नाहीतर मोटरचा थरथराट रात्री बेडरूममध्ये ऐकू येतो. गच्चीवर उन्हातल्या डक्टला बाहेरून इन्सुलेशन लागेलच.

मेन डक्टचं माप, बेडरूम कोणत्या टोकाला आहेत ते आणि जिन्याच्या खोलीतून 24 इंचाला जागा मिळते का, एवढं इथे लिहा. ग्रिलची मापं मी काढून देतो. काम पाडव्याच्या आधी सुरू करा, एप्रिलमध्ये डक्टवाले वेळेवर मिळत नाहीत.