धडधड थांबली आहे, मग वडिलांची रक्त पातळ होण्याची गोळी बंद केली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे आहेत, बीपीचा त्रास आहे, तीन महिन्यांपूर्वी ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार, निघाला. आता धडधड होत नाही, म्हणून घरात गोळी बंद करायचं चाललंय. आणि या आजारातून पुढे काय काय होऊ शकतं, हेही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. पण माझ्या आईला हाच आजार आहे आणि ही गोळी बंद राहिली की काय होतं ते आमच्या घरानं पाहिलंय. म्हणून आधी हेच सांगते: डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी एक दिवससुद्धा चुकवू नका.

आईची दाढ काढायची होती, तेव्हा तिची वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ होण्याची गोळी, बंद केली होती. परत कधी सुरू करायची ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तिला छान वाटत होतं, असेच तीन आठवडे गेले. एका सकाळी ती मेथी निवडत बसली होती. उजव्या हातातली काडी गळून पडली. तिनं उचलली, पुन्हा पडली. चार-पाच वेळा तेच. मी "काय गं आई?" म्हटलं तर माझ्याकडे बघून नुसतं "हं... हं" करत राहिली. मला वाटलं साखर कमी झाली असेल. मी तिला साखरपाणी पाजायला गेले, ते ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलं. तेव्हा कुठे लक्षात आलं की तोंड वाकडं झालंय. चाळीस मिनिटं मी घरातच घालवली. शिवाय अशा वेळी गिळता येत नसतं, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पॅरालिसिसचा तो झटका मेंदूत बसला, पण गुठळी तयार झाली होती हृदयात. या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, मिनिटाला साडेतीनशे-चारशेच्या वर वेळा नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साकळतं आणि गुठळी होते. ती सुटली की बहुतेकदा मेंदूकडे जाते. अशा माणसाला झटक्याचा धोका इतरांपेक्षा साधारण पाचपट असतो.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. धडधड कमी करणारी गोळी वेगळी आणि गुठळी होऊ न देणारी वेगळी. ठोके ताळ्यावर आले तरी गुठळीचा धोका वय, बीपी, मधुमेह, आधीचा झटका यांवरच ठरतो. शिवाय हा आजार येत-जात राहतो, पुष्कळदा काही जाणवतही नाही. तुमच्या वडिलांचं वय आणि बीपी मिळूनच डॉक्टर गोळी द्यायचा विचार करतात. तिच्या जागी ॲस्पिरिन चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, या कामाला ती पुरत नाही.

आईची झडप अरुंद असल्यानं तिला वॉरफेरिनच लागते. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा, त्याची वही आम्ही घातली आहे. पालेभाज्या कमी-जास्त झाल्या की या गोळीचा परिणाम बदलतो; त्या पूर्ण बंद केल्या नाहीत, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढ्याच खायच्या. रक्त पातळ होण्याच्या नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण किडनीची लागते. अंगदुखीच्या गोळ्या मात्र मनानं घेऊ देऊ नका. शौचाला काळं झालं किंवा डोक्याला मार लागला तर लगेच दवाखाना गाठा.

ठोके महिनोन् महिने जोरात राहिले तर हृदय थकतं. पायांवर सूज येते, आडवं झालं की दम लागतो. हे वेळेवर धरलं तर बरंच सुधारतं.

अचानक कोसळून जाणं मात्र बहुधा हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या बिघाडानं होतं. तो आजार वेगळा. माणूस कोसळला, हाक मारून हलत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन लावायला सांगून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहायचं. विजेचा झटका देणारं यंत्र येईपर्यंत जाणारं प्रत्येक मिनिट महागात पडतं.

आई वेळेत पोहोचली, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं. त्याची मुदत साडेचार तासांची असते. आज ती चालते, स्वयंपाक करते, पण अजून एखादा शब्द अडतो आणि ती माझ्याकडे बघते.

त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यात आधी दोन गोष्टी विचारल्या: शेवटची धडधाकट कधी पाहिली, आणि रक्त पातळ होण्याची गोळी शेवटची कधी घेतली. इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं. वडिलांच्या पाकिटात गोळीचं नाव, डोस आणि घ्यायची वेळ लिहून ठेवा.