किब्बरच्या बर्फात कॅमेरा

प्रश्न : फेब्रुवारीत हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यातील किब्बरला हिमबिबट्याच्या छायाचित्रण सहलीला जात आहे. कॅमेऱ्याची काळजी कशी घ्यावी?

उत्तर : सुमारे ४,२०० मीटर उंचीवरच्या या गावात पहिले दोन दिवस विश्रांतीला द्यावेत. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवाव्यात. लख्ख बर्फ छायाचित्रात करडा उतरतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, एक-दीड स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). खरी चूक होते ती संध्याकाळी : गारठलेला कॅमेरा शेगडीच्या खोलीत तसाच नेला की भिंगावर दव धरते, त्यामुळे तो बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि दोन तासांनीच उघडावा. आणि कड्यावर बिबट्या दिसला, तर स्थानिक वाटाड्या थांबवील तिथेच थांबावे. जवळच्या छायाचित्रासाठी बिबट्याला हुसकावणे अक्षम्य आहे.